वहिवाट बाजीरावांची

आमच्या बाजीरावाला दिसत नाही ही बातमी आम्हाला सगळ्यांच्या शेवटी कळली. त्याला स्वतःला ती केव्हाच कळलेली असणार. वॉचमनला संशय आलेला होता. दूधवाला तर तोंडावर म्हणाला होता, "काका, हा आता वासावर चालतोय." मी हसण्यावारी नेलं, कारण दूधवाल्याने दुधाबद्दल बोलावं, कुत्र्याबद्दल नव्हे, असं माझं ठाम मत होतं. (दुधाबद्दल तो कधीच बोलत नाही.)

बाजीराव हा लॅब्राडॉर. वय ११, वजन ३४ किलो, मुक्काम डोंबिवली पूर्व, दुसरा मजला, लिफ्ट नाही. नाव ठेवलं तेव्हा तो ओंजळीत मावत होता आणि पुढे मोठमोठ्या मोहिमा काढील अशी आमची कल्पना होती. त्याच्या सगळ्या मोहिमा स्वयंपाकघरावर झाल्या आणि त्यातली एकही तो हरला नाही. त्या अर्थाने नाव सार्थ आहे.

लक्षणं दिसत होती. त्यांचा अर्थ लावायचं काम माझ्याकडे होतं, हा त्याच्या नशिबाचा भाग. रात्री जेवणं झाल्यावर फिरायला न्यायचं म्हटलं की तो दारातच बसकण मारायचा. मी घरात जाहीर केलं की वयोमानाप्रमाणे त्याला वैराग्य आलंय. तिन्हीसांजेला, दिवे लावायच्या आधी, त्याचे डोळे हिरवट चमकायचे, पूर्वीपेक्षा जास्तच. नाशिकची मावशी आली होती, ती म्हणाली, "काय तेज आलंय रे याच्या डोळ्यांत! दत्ताच्या पायाशी शोभेल." पुढे कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला मी खोलीतला दिवा मालवून ते तेज दाखवत असे.

पाडव्याला सगळं उघडकीला आलं. घराला बदल हवा, असं माझ्या बायकोला सणासुदीला वाटतं. मला बदलणं शक्य नसल्यामुळे ती सोफा बदलते, म्हणजे या भिंतीचा त्या भिंतीला लावते. गुढी उभारून झाली, दाराची बेल वाजली, आणि बाजीराव नेहमीच्या रस्त्याने, नेहमीच्या वेगाने दाराकडे निघाला. त्या रस्त्यात आता सोफा होता. तो त्यावर आदळला, खाली बसला, आणि आमच्या दिशेला तोंड करून एकदाच भुंकला. त्या भुंकण्यात वेदनेपेक्षा तक्रार जास्त होती. महिनोन्महिने तो पाठांतरावर चालत होता आणि आम्ही न विचारता पाठ बदलला होता.

डॉक्टर आमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी कापसाचा बोळा घेतला आणि बाजीरावाच्या तोंडासमोर वरून खाली सोडला. कापूस पडताना आवाज होत नाही, वास येत नाही, हात हलवल्यावर मिशांना वारा लागतो तसा वाराही लागत नाही. त्यामुळे जनावराने मान वळवलीच, तर ती डोळ्यांना दिसलं म्हणून. बाजीरावाने मान वळवली नाही. मी मात्र तो बोळा हवेतल्या हवेत झेलला.

"काका, तुमची नजर उत्तम आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आता हात मांडीखाली ठेवा."

मग त्यांनी साखर तपासली, कारण मधुमेह झालेल्या कुत्र्यांना मोतीबिंदू फार झपाट्याने होतो. डोळ्यांतला दाब मोजला, कारण काचबिंदू असेल तर डोळा लाल होतो, ठणकतो, आणि तिथे दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब असतो. दोन्ही नव्हतं. शेवटी भिंगातून पडदा पाहिला आणि निदान सांगितलं : प्रोग्रेसिव्ह रेटिनल ॲट्रॉफी. डोळ्याच्या आतला पडदा हळूहळू झिजत जातो. आधी मंद उजेडात बघणाऱ्या पेशी जातात, म्हणून रात्रीचं दिसणं पहिलं संपतं, आणि मग दिवसाचं. कुत्र्याच्या पडद्यामागे उजेड परतवणारा एक थर असतो. पडदा पातळ झाला की तो थर जास्त चमकतो. म्हणजे मी दिवा मालवून पाहुण्यांना जे दाखवत होतो ते तेज नव्हतं, आजार होता. आणि रात्रीचं वैराग्य म्हणजे पुढची पायरी न दिसणं होतं.

लॅब्राडॉर, पूडल, कॉकर स्पॅनियल अशा जातींत हा आजार आनुवंशिक असतो. या आजाराच्या एका प्रकाराला कारण असलेला जनुकातला दोष २००६ साली शोधून काढला गेला. आई आणि बाप दोघांकडून तो आला तरच पिल्लाला आजार होतो. "म्हणजे दोन्ही घराणी बघायला हवी होती," माझी आई म्हणाली. हे तत्त्व ती आयुष्यभर सांगत आली आहे आणि सांगताना ती नेहमी माझ्या सासुरवाडीच्या दिशेला बघते.

यावर औषध नाही. दुखत मात्र काहीच नाही, आणि सगळं सावकाश होत असल्यामुळे जनावर जुळवून घेतं. डॉक्टर म्हणाल्या, "कुत्र्याचं जग आधी नाकाचं, मग कानाचं, उरलंसुरलं डोळ्यांचं. तुम्ही एकच करा. घर जसं आहे तसं ठेवा. काही हलवू नका."

मला हा उपाय फारच किरकोळ वाटला. एवढी फी भरून 'काही करू नका' हे ऐकायचं? काही न करण्याचा मला नोकरीतला दांडगा अनुभव होता, पण नुकताच मी निवृत्त झालो होतो आणि काहीतरी करण्याच्या मनःस्थितीत होतो. निवृत्त माणूस आणि त्याच्या हातातला मोबाइल, यांच्यापासून आंधळ्या जनावराला वाचवणारी एखादी संस्था असायला हवी.

पहिला प्रयोग वासांचा. घरातल्या महत्त्वाच्या जागांना वेगवेगळा वास द्यावा म्हणजे कुत्र्याला पत्ता लागतो, असं वाचलं. वाचलं त्यात 'एखादा थेंब' असं होतं. एखाद्या थेंबाने ३४ किलोच्या कुत्र्याला काय होणार, असा मी हिशेब केला. जिन्याच्या दाराला चंदनाचं तेल, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला वाळ्याचं अत्तर, पाण्याच्या भांड्याजवळ गुलाबपाणी, बाल्कनीला मोगरा. दुपारपर्यंत वरच्या मजल्यावरच्या काकू विचारून गेल्या की सत्यनारायण कितीला आहे. बाजीराव शिंकत शिंकत पलंगाखाली गेला. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी लाखांत मोजतात, त्याच्या नाकात कोटींत. ज्याला बंद डब्यातलं बिस्किट शेजारच्या खोलीतून कळतं त्याच्या डोक्यावर मी अत्तराचं दुकान उघडलं होतं. बंगळुरूहून मुलीचा फोन आला. "बाबा, टी ट्री ऑइल तर नाही ना वापरलंत? ते कुत्र्यांना विषारी असतं." ते मी मागवलं होतं, पण सुदैवाने कुरियरवाल्याला आमचा पत्ता सापडला नव्हता.

त्याच सुमारास आईने स्वतःच्या जबाबदारीवर उपचार सुरू करायचं ठरवलं. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असल्यामुळे नेत्रविकारांत तिचा शब्द घरात शेवटचा आहे. "डोळ्यात निळसर झाक आहे, मोतीबिंदूच आहे, त्या मुलीला काही कळत नाही," असं म्हणत ती आपले उरलेले थेंब घेऊन बाजीरावाच्या मागे लागली. मी डॉक्टरांना फोन लावून दिला. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या डोळ्यांत दिसणारी ती निळसर झाक बरेचदा मोतीबिंदू नसतेच, वयानुसार भिंग घट्ट होतं त्याची ती असते आणि तिच्यातून दिसतंही बऱ्यापैकी, आणि माणसाचे थेंब विचारल्याशिवाय घालाल तर असलेला डोळाही जाईल, हे सगळं डॉक्टरांनी तिला ऐकवलं. आई फोन ठेवून म्हणाली, "मुलगी हुशार आहे. लग्न झालंय का?"

दुसरा प्रयोग कड्याचा. आंधळ्या कुत्र्याच्या तोंडाभोवती एक कडं बसवतात. ते आधी भिंतीला लागतं, नाक वाचतं. विकतचं कडं लॅब्राडॉरच्या मापाचं मिळेना, तेव्हा मी ते घरी करायचं ठरवलं. नळाच्या कामातून उरलेला प्लॅस्टिकचा पाइप वाकवला, जुन्या दप्तराचे पट्टे लावले आणि बाजीरावाला चढवलं. वस्तू झाली होती भक्कम, फक्त तिची रुंदी दाराच्या रुंदीपेक्षा चार बोटं जास्त भरली. बाजीराव दारात अडकला. मागे येईना, पुढे जाईना. मग चौतीस किलोंनिशी पुढेच गेला. बाल्कनीत कपडे वाळत घालायचा स्टँड होता, तो कड्यात आला आणि त्यावरच्या धुण्यासकट सगळी मिरवणूक हॉलमधून उघड्या दाराने जिन्यावर गेली. समोरच्या बिऱ्हाडातले गृहस्थ भाजी घेऊन वर येत होते. त्यांच्या हाती माझा लेंगा आला. तो त्यांनी दोन बोटांत धरून परत केला आणि तेव्हापासून ते माझ्याशी जरा जपून बोलतात.

"घरात दुसरं जनावर असेल तर त्याच्या गळ्यात घंटी बांधा, म्हणजे आंधळ्या कुत्र्याला त्याचा ठावठिकाणा कळतो," हे मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. घरात दुसरं जनावर नव्हतं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मुलीच्या भरतनाट्यमच्या घुंगरांतली थोडी काढून मी पायात बांधली. बाजीरावाला ती खरोखरच आवडली. मी कुठे आहे हे कळलं की तो निवांत झोपायचा. मला मात्र पहाटे उठून चोरपावलांनी फ्रिज उघडण्याची सोय राहिली नाही, आणि खालच्या मजल्यावरून, रात्री अकरानंतर क्लास घेऊ नयेत, अशी चिठ्ठी आली.

सगळ्यात सखोल अभ्यास मी केला तो श्रावणात. आंधळ्याचं दुःख आंधळ्याच्या उंचीवरून समजून घेतलं पाहिजे, या विचाराने मी डोळ्यांना पंचा बांधला आणि चार पायांवर बेडरूममधून हॉलकडे निघालो. माझ्या घरात मी पंचवीस वर्षं राहतो, तेव्हा रस्ता मला पाठ असणार असा समज होता. पलंगाची कड कपाळाला लागली, तिथून वळलो तो शिवणयंत्राच्या पायट्यात हात गेला, आणि पुढे जे मी देव्हाऱ्याचं लाकूड समजून नमस्कार करून ओलांडलं ते चपलांचं कपाट निघालं. बाजीराव खुशीत होता. एवढ्या वर्षांत घरातला माणूस पहिल्यांदाच शहाण्यासारखा चालतोय असं त्याला वाटलं असावं. तो माझ्या पुढे चालत होता, कुठेही न आपटता, आणि मधूनमधून मागे येऊन माझं तोंड चाटत होता. दार उघडंच होतं. कोणीतरी घसा खाकरला. पंचा वर केला तर गणेशोत्सवाच्या वर्गणीची मुलं पावतीपुस्तक घेऊन उभी होती.

"काका, आम्ही नंतर येतो," त्यांच्यातला म्होरक्या म्हणाला.

"अरे, थांबा, मी फक्त कुत्रा कसा..."

"नाही नाही, आरामात."

त्या वर्षी आमच्याकडे वर्गणी मागायला कोणी आलंच नाही. माझ्या सगळ्या संशोधनातून झालेला रोख फायदा तेवढाच.

मात्र जमिनीवर रांगल्यामुळे एक गोष्ट नीट कळली. माझ्या घरात मोकळी जमीन नाही. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत माणसं राहतात ती वस्तूंच्या मधल्या फटींतून. बाजीराव त्या फटी ओळीने पाठ करून बसला होता : पलंगाखालून पाण्याचं भांडं, तिथून टेबलाला उजवी घालून दार, दारातून जिना. ती त्याची वहिवाट. आणि वहिवाटीवर कोण कधी काय आणून ठेवील याचा आमच्या घरात नेम नव्हता. कांदे-बटाट्यांची टोपली, गॅसचं रिकामं सिलिंडर, वाचता वाचता जिथे झोप लागेल तिथे राहिलेला मी.

मग डॉक्टरांचं ते किरकोळ वाक्य आठवलं. घर जसं आहे तसं ठेवा. अत्तर, पाइप, घुंगरं हे सगळं सोपं होतं. कठीण होतं ते हे. मराठी घरात वस्तू हलवायची नाही म्हणजे काय करायचं काय? केर काढताना खुर्च्या हलतात, पाहुणे आले की टीपॉय हलतो, लग्नाची बोलणी असली की दिवाणसुद्धा हलतो. मी खडू घेतला आणि खुर्च्यांच्या, टेबलाच्या, टोपलीच्या भोवती जमिनीवर रेघा मारल्या. समोरच्या वहिनी डोकावून म्हणाल्या, "पोलिस येऊन गेले का?" कामाला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी सगळ्या रेघा पुसून फरशी लख्ख केली.

शेवटी रेघा सोडून पायाला कळेल असं काहीतरी केलं. जिन्याच्या दाराशी काथ्याचं खरबरीत पायपुसणं, पाण्याच्या भांड्याखाली रबराची चटई, आणि मधल्या गुळगुळीत फरशीवर जुन्या सतरंजीची एक पट्टी. पट्टीवर पाय आहे म्हणजे वाट मोकळी आहे, काथ्या लागला म्हणजे पुढे पायऱ्या आहेत. पट्टीवर काहीही ठेवायला बंदी. हे बाजीरावाला दोन दिवसांत समजलं. मला जरा जास्त लागले.

त्याला उचलून नेण्याचा मोहही आवरावा लागला. एकदा पावसाळी अंधारात मी प्रेमाने त्याला दोन मजले उचलून आणलं आणि हॉलच्या मधोमध ठेवलं. माझी कमर आठवडाभर गेली. त्याचं त्याहून वाईट झालं, कारण विमानातून उतरवलेल्या माणसाला गावाचं नावच कुणी सांगू नये तसं त्याला आपण कुठे आहोत ते कळेना. तो गोल फिरला आणि टीव्हीच्या कपाटाला जिन्याचा खांब समजून त्याने आपला विधी उरकला. डॉक्टर म्हणाल्या, उचलायचंच असेल तर दर वेळी एकाच ओळखीच्या जागी ठेवा, पाण्याच्या भांड्यापाशी. तिथून त्याचा नकाशा सुरू होतो.

शब्दही ठरवावे लागले. पायरी आली की 'पायरी' म्हणायचं, असं मी जाहीर केलं. बायको 'चढ' म्हणायची आणि आई 'सांभाळून रे बाळा, टाक पाय, हं, आता दुसरा'. तिच्या सूचना पूर्ण होईपर्यंत तो वर पोचलेला असायचा. अखेर 'पायरी' हाच शब्द इमारतीने उचलला. वॉचमन म्हणतो, दूधवाला म्हणतो. मला तर इतकी सवय झाली की परवा एका लग्नात नवऱ्या मुलाच्या वडिलांना स्टेजवर चढताना मी दंडाला धरून 'पायरी' म्हटलं, आणि ते थांबले. हात लावायच्या आधी बोलायचं, हा दुसरा नियम, कारण न दिसणारं कुत्रं झोपेत दचकलं तर चावू शकतं. त्यामुळे मी खोलीत शिरताना 'मी आलोय हं' आणि निघताना 'मी जातोय' असं म्हणतो. बायको म्हणते, लग्नाला एवढी वर्षं झाली, कुठे जातोय हे सांगून जायला कुत्रा आंधळा व्हावा लागला.

खरी परीक्षा गणपतीत झाली. दर वर्षी मखरासाठी अर्धं घर हलतं. या वर्षी काहीही हलवायचं नाही असं ठरलं आणि गणपती शिवणयंत्रावर बसले, कारण ते यंत्र आम्ही इथे राहायला आल्यापासून जागचं हललेलं नाही. पण पाहुण्यांना कोण सांगणार? पहिल्याच संध्याकाळी दारासमोर चपलांचा ढीग पडला. बाजीराव काथ्याचं पायपुसणं शोधत त्या ढिगाच्या मध्यावर पोचला, पुढचा रस्ता सापडेना म्हणून तिथेच आडवा झाला, आणि आरती होईपर्यंत त्याने नाशिकच्या मावशीची एक चप्पल चघळून संपवली. आत कोणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची पट्टीवर ओढली. बाजीराव तिला धडकला. खुर्चीवरच्या पाहुण्यांच्या हातातली ताटली पडली आणि त्यातले मोदक त्याला नाकासमोर मिळाले. (सारणात बेदाणे नव्हते हे नशीब. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात, आणि ही गोष्ट आमच्याकडे आता गौरीच्या फुलोऱ्याइतक्याच गांभीर्याने पाळतात.) त्या क्षणी त्याच्या डोक्यात काहीतरी नक्की जुळलं. पुढच्या दिवसांत तो माणूस बसलेल्या प्रत्येक खुर्चीला धडकला. रिकाम्या खुर्चीला एकदाही नाही.

"याला दिसतंय," मावशी एका पायात चप्पल घालून म्हणाली. मी तिला कापसाच्या बोळ्याची परीक्षा करून दाखवली. बाजीरावाची मान हलली नाही. मग तिने बोळ्याऐवजी मोदक सोडला आणि तो जमिनीला टेकायच्या आत गेला.

आज तो घरात आमच्यापेक्षा सराईतपणे फिरतो, आणि वजन ३६ किलो झालंय, त्याबद्दल डॉक्टर रागावल्या आहेत. तुमच्या म्हाताऱ्या कुत्र्याने रात्री बाहेर जायला नकार दिला तर त्याला वैराग्य आलं असं समजू नका, डोळे दाखवून आणा, आणि डोळा लाल दिसला किंवा नजर एकाएकी गेली तर त्याच दिवशी न्या. आणि आमच्याकडे येणार असाल तर जरूर या, चहाला या, जेवायला या. चपला दाराबाहेर डाव्या हाताला भिंतीला लावून काढा, काथ्याचं पायपुसणं मोकळं सोडा, आणि बसायला जी खुर्ची देऊ तिथेच बसून घ्या. खुर्ची पुढे ओढू नका. ताटली मांडीवर न ठेवता उंच धरा.